सरहद्दीची साक्ष



सरकारने एखादा कायदा केला, एखादी योजना सुरू केली किंवा जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी एखादा हुकूम काढला, आणि काही वर्षांनी रोगाचे अथवा मृत्यूचे प्रमाण घटले, तर ती घट त्या कायद्यामुळे, योजनेमुळे वा हुकुमामुळे झाली असे म्हणावे, की एरव्हीही ती झालीच असती असे म्हणावे, हा प्रश्न वरवर पंडितांच्या वादाचा वाटला तरी त्याच्या उत्तरावर पुढच्या वर्षीचा पैसा कोठे जावा, कोणता दवाखाना चालू राहावा आणि कोणत्या स्त्रीचे शरीर विनाकारण शस्त्राखाली जाऊ नये हे ठरत असते; म्हणून जेथे योजनांचे फलक पुष्कळ आणि त्यांच्या परिणामांची पडताळणी थोडी, अशा वडवणीसारख्या तालुक्याच्या ठिकाणीच तो मांडावा असे मला वाटले.

औषधाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर काढण्याची एक खात्रीची रीत गेल्या शतकाच्या मध्याला सिद्ध झाली. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसीनची जी परीक्षा इंग्लंडात होऊन १९४८ साली प्रसिद्ध झाली, तीत कोणत्या रोग्यास औषध द्यावयाचे आणि कोणास नाही ही निवड वैद्याच्या मर्जीवर न ठेवता ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आखलेल्या पद्धतीने यदृच्छेवर सोपविली होती, आणि त्यामुळे दोन्ही गट आरंभी सारखेच होते असे धरून चालण्यास आधार मिळाला. परंतु गर्भलिंगनिदानावरील बंदी चिठ्ठ्या टाकून गावातील निम्म्या घरांना लावता येत नाही. धरणाचे पाणी, शाळेतले जेवण, दवाखान्याचा विमा, दारूची दुकाने बंद करण्याचा ठराव, यांपैकी बहुतेक गोष्टी साऱ्या वस्तीला एकदम मिळतात किंवा एकदम नाकारल्या जातात, आणि जे हितकर आहे असे वाटते ते मुद्दाम अर्ध्या लोकांपासून दूर ठेवणे पुष्कळदा अन्यायाचे होते. अशा वेळी अभ्यासकाने करावयाचे ते एवढेच की, राज्यकारभाराच्या ओघात, कोणाच्याही शास्त्रीय हेतूवाचून, सारख्याच स्थितीतील दोन लोकसमूहांपैकी एकाच्या वाट्याला जी गोष्ट आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला आली नाही, तिचा माग काढीत जावे. या रीतीस नैसर्गिक प्रयोग म्हणतात.

तिचा सर्वांत प्रसिद्ध दाखला लंडनचा आहे. १८५४ च्या पटकीच्या साथीत दक्षिण लंडनच्या एकाच रस्त्यावरील शेजारशेजारच्या घरांना दोन निरनिराळ्या कंपन्यांचे पाणी येत असे. त्यांपैकी लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपला पाणी उचलण्याचा ठाव थेम्स नदीच्या वरच्या अंगाला, शहराच्या घाणीच्या पलीकडे नेला होता. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल ही दुसरी कंपनी मात्र शहराच्या मैल्याने दूषित झालेल्या पात्रातूनच पाणी उचलीत राहिली. श्रीमंत आणि गरीब, लहान घर आणि मोठे घर, असा कोणताही भेद या दोन नळांच्या वाटणीत नव्हता, आणि कोणत्या भाडेकऱ्याने कोणते पाणी प्यावे हे त्याने स्वतः ठरविलेले नव्हते. जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यू घडलेल्या घरांची चौकशी चालविली. ज्या घरात कंपनीचे नाव कोणास ठाऊक नव्हते तेथले पाणी घेऊन त्यातील क्षाराच्या परीक्षेवरून ते कोणाचे हे त्याने ओळखले. आणि अखेरीस जो हिशेब मांडला त्यात दूषित पाण्याच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू आणि स्वच्छ पाण्याच्या २६,१०७ घरांत ९८ मृत्यू निघाले, म्हणजे दर दहा हजार घरांमागे एकीकडे ३१५ आणि दुसरीकडे ३७. पटकीचा जंतू त्या काळी वैद्यकाच्या मान्यतेत आलेला नव्हता. रोगाचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्यापूर्वी ते नळाच्या वहीत दिसले, ही गोष्ट मला नेहमी फार मोलाची वाटत आली आहे.

आपल्या मुलखातही या विचाराचा एक जुना मागमूस सापडतो. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगवरील लस तयार करून १८९७ च्या जानेवारीत प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ उद्भवली तेव्हा तेथील कैद्यांपैकी जे स्वेच्छेने पुढे आले त्यांना ती टोचली. एका छपराखाली, एकच अन्न खाणारे आणि एकाच अंमलाखाली राहणारे हे लोक. त्यांपैकी टोचलेल्यांत रोग थोडा आणि न टोचलेल्यांत अधिक आढळला. तरी आक्षेपाला जागा होतीच, कारण जो स्वतः होऊन पुढे येतो तो मागे राहणाऱ्यापेक्षा अंगाने धडधाकट किंवा स्वभावाने सावध असण्याचा संभव असतो. पुढे १८९८ साली बडोदे संस्थानातील उंढेरा गावी हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस देऊन निम्म्यांना तशीच ठेवले, ती या आक्षेपावरील तोड होती. ती प्रयोगकर्त्याने स्वतः घडविलेली वाटणी असल्याने तिला नैसर्गिक म्हणता येणार नाही. परंतु दोन बाजूंच्या माणसांत मुळातच फरक असेल तर तुलनेचा पाया खचतो, हे त्या साथीच्या धामधुमीतही ओळखले गेले होते, एवढे त्यावरून दिसते.

आता मी आपल्या दाराशी येतो. गर्भातील मुलीची ओळख पटवून तिला नाहीशी करण्याच्या प्रकारावर कायद्याने बंदी घालणारे पहिले राज्य महाराष्ट्र होय. मुंबईतील स्त्रीसंघटना आणि आरोग्यक्षेत्रातील कार्यकर्ते यांच्या चळवळीमुळे १९८८ साली हा कायदा झाला. देशाचा कायदा संसदेने १९९४ साली केला आणि तो १९९६ च्या आरंभापासून अमलात आला. आता जनगणनेचे आकडे पाहावे. शून्य ते सहा वर्षे वयाच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. आणि आपल्या बीड जिल्ह्यात हेच आकडे अनुक्रमे ९३९, ८९४ आणि ८०७ असे उतरत गेले, व २०११ चा तो ८०७ राज्यातील सर्वांत खालचा ठरला. हे आकडे वाचून कोणीही सहज म्हणेल की कायदा १९८८ चा आणि मुली तर घटतच गेल्या, तेव्हा कायदा व्यर्थ होता. आणि पुष्कळ विद्वानांनी व कारभाऱ्यांनी तसे म्हटलेही आहे.

या अनुमानात एक मोठी उणीव आहे. कायदा झाल्यावर काय घडले एवढेच त्यात पाहिलेले आहे. कायदा झालाच नसता तर काय घडले असते, हे पाहिलेले नाही, आणि ते पाहता यावे अशी कोणतीही वही जगात ठेवली जात नाही. त्या न घडलेल्या गोष्टीच्या जागी उभे करण्यास दुसरे काही तरी शोधावे लागते. अरिंदम नंदी आणि अनिल देवलालीकर या दोन अभ्यासकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे स्थान राज्यांच्या सरहद्दीला दिले. १९९६ साली देशाचा कायदा लागू झाला तेव्हा इतर राज्यांच्या दृष्टीने ती नवी गोष्ट होती, महाराष्ट्राच्या दृष्टीने नव्हती. म्हणून १९९१ आणि २००१ या दोन जनगणनांच्या दरम्यान जेथे कायदा नव्याने आला तेथील गावा-शहरांतील मुलींचे प्रमाण आणि जेथे तो आधीपासूनच होता तेथील प्रमाण, या दोहोंत झालेल्या बदलांची त्यांनी एकमेकांशी तुलना केली. दोन्हीकडे उतारच होता. परंतु उताराच्या वेगातील अंतरावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, देशाचा कायदा झाला नसता तर निदान १,०६,००० मुली आणखी कमी झाल्या असत्या. ज्या कायद्याला पुष्कळांनी निरुपयोगी ठरविले होते त्याच्या नावे एक लाखावर मुलींचे प्राण जमा करणारा हा हिशेब आहे, आणि आकडे घसरत असतानाही एखादा उपाय काम करीत असू शकतो ही गोष्ट इतक्या स्पष्टपणे दाखविणारे दुसरे उदाहरण मला सांगता येणार नाही.

तो हिशेब मी आदराने स्वीकारतो. तथापि त्याची जेथे हद्द संपते तेथे थांबणेही प्राप्त आहे. महाराष्ट्रात कायदा आधी होता म्हणून इतर राज्यांत तो नसता तर तेथील उतार कोणत्या वळणाने गेला असता हे महाराष्ट्रावरून ओळखावयाचे, यात एक गृहीतक दडलेले आहे, आणि ते असे की कायदा सोडला तर या प्रांतांतील बदलाची चाल मुळात सारखी होती. सोनोग्राफीची यंत्रे सर्वत्र एकाच गतीने पसरली नाहीत, हुंड्याचे मान सर्वत्र सारखे वाढले नाही, कुटुंबे लहान होण्याची घाई सर्वत्र सारखी झाली नाही. या गोष्टींचा हिशेब जितका काटेकोर तितका निष्कर्ष पक्का. शिवाय ही साऱ्या गावांची मिळून सरासरी आहे. बीडची सर्वांत मोठी घसरण झाली ती २००१ ते २०११ या दशकात, एकूण ८७ अंकांनी. आणि त्या दशकात तर कायदा देशभर सर्वत्र होता, त्याच्या अलीकडची आणि पलीकडची अशी बाजूच उरलेली नव्हती. ज्या दहा वर्षांनी आपल्या जिल्ह्याला सर्वांत अधिक पोळले त्यांविषयी हा नैसर्गिक प्रयोग मुका आहे. तेथे कायद्याचे असणे-नसणे सोडून त्याच्या अंमलबजावणीचे कमी-अधिक पाहावे लागते, म्हणजे कोणत्या तालुक्यात यंत्रांची तपासणी केव्हा झाली, कोठे यंत्राला मोहोर लागली, कोठे खटला उभा राहून शिक्षेपर्यंत पोचला. २०१२ साली परळीच्या एका दवाखान्यातील बेकायदा गर्भपातांचे प्रकरण उघडकीस आल्यावर कारवाईला जो वेग आला त्याच्या तारखा तालुकावार लावून मुलींच्या जन्माच्या आकड्यांशेजारी मांडल्या तर काही बोध होईल. पण ते काम राज्याच्या सरासरीवर होणार नाही, त्याला दप्तर खालपर्यंत उघडावे लागेल.

दुसरे उदाहरण सीमाभागाचे. कर्नाटक सरकारने दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना हृदयरोग, कर्करोग अशा मोठ्या दुखण्यांवर मोफत उपचार देणारी वाजपेयी आरोग्यश्री ही योजना २०१० साली सुरू केली ती प्रथम उत्तरेच्या गुलबर्गा आणि बेळगाव या विभागांत, म्हणजे ज्या बेळगावात आपली मराठी माणसे मोठ्या संख्येने राहतात तोही भाग पहिल्या टप्प्यात आला. दक्षिणेचे विभाग मागे राहिले. काही अभ्यासकांनी या दोहोंमधील हद्दीच्या अलीकडची ३०० गावे आणि पलीकडची, त्यांच्याशी मिळतीजुळती, २७२ गावे घेऊन घरोघर चौकशी केली आणि ती २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. ज्या दुखण्यांवर योजनेतून उपचार मिळू शकत होते त्यांनी होणारे मृत्यू योजनेच्या बाजूच्या गरीब घरांत ०.३२ टक्के आणि पलीकडच्या गरीब घरांत ०.९० टक्के निघाले.

एवढ्यावर कोणी म्हटले असते की उत्तरेची हवा चांगली, पाणी चांगले, रस्ते चांगले, म्हणून तिकडे मृत्यू कमी. म्हणून त्यांनी तेच प्रमाण दारिद्र्यरेषेवरील, म्हणजे योजनेस पात्र नसलेल्या, घरांतही काढले; आणि ते एकीकडे ०.५६ व दुसरीकडे ०.५५ असे जवळजवळ सारखेच आले. हवा, पाणी आणि रस्ते गावातल्या सधन घरालाही तेच असतात. फरक जर फक्त शिधापत्रिकेप्रमाणे पडत असेल तर तो शिधापत्रिकेवर जे मिळाले त्याचाच असला पाहिजे. तपासणीचा हा दुसरा आडवा छेद मला पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. ज्या ठिकाणी परिणाम दिसावा तेथे तो दिसला, एवढ्याने समाधान मानणारे पुष्कळ असतात. ज्या ठिकाणी तो दिसू नये तेथे तो खरोखरच दिसत नाही ना, हे पाहण्याची सवय फार थोड्यांना असते. या एका अभ्यासावरून विमा हाच सर्व दुखण्यांवर उपाय असे मात्र मी म्हणणार नाही. मृत्यूचे कारण घरच्या माणसांना विचारून ठरविलेले होते, आणि इतका मोठा फरक इतक्या थोड्या अवधीत कसा पडला याची शंका घेण्यास जागा आहे.

महाराष्ट्राने अशी संधी स्वतः निर्माण केली होती. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, जी पुढे महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालू झाली, ती २ जुलै २०१२ रोजी गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर लागू झाली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळण्यासाठी बीडच्या रोग्याला नांदेडच्या रोग्यापेक्षा सुमारे सोळा महिने अधिक थांबावे लागले. या सोळा महिन्यांच्या प्रतीक्षेत माणसे गेली असतील, कर्जात बुडाली असतील. ते दुःख परत घेता येत नाही, परंतु त्यातून जे कळण्यासारखे आहे ते कळून घेणे आपल्या हाती आहे. आठही जिल्हे एकत्र मोजून उपयोग नाही, कारण मुंबई आणि गडचिरोली यांना एका माळेत ओवून कशाशीच तुलना होत नाही. नांदेडच्या हद्दीवरची गावे आणि त्यांना लागून असलेली परभणीची व लातूरची गावे, सोलापूरची आणि त्यांना लागून असलेली आजच्या धाराशिवची गावे, अशा जोड्या लावल्या म्हणजे माणसे, पीक, पाऊस आणि बोली सारखीच राहून फक्त तारीख बदलते.

पश्चिमेकडे आपल्या शेजारी जामखेड आहे. रजनीकांत आणि मॅबेल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली तेथे काम सुरू करून गावातल्याच, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका केले, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. त्या कामाची तुलनात्मक तपासणी २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत जामखेडच्या गावांत पाच वर्षांखालील बालमृत्यूचा धोका आसपासच्या इतर गावांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला, मात्र तो फरक जन्माचा पहिला महिना ओलांडलेल्या मुलांतला होता. ज्या कामावर आपण सर्वांनी प्रेम केले त्याचीही अशी परीक्षा होते, आणि त्यातून तान्ह्या मुलाच्या पहिल्या महिन्याचे काम अजून पुरे व्हावयाचे आहे हे कळते, याने त्या कामाची थोरवी वाढतेच.

आता जो विषय या तालुक्यात मोठ्याने बोलला जात नाही तो बोलतो. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बायकांनी गर्भपिशवी काढून घेण्याचा प्रकार २०१९ साली वर्तमानपत्रांतून देशभर गाजला. राज्याने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यापुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली होती, म्हणजे शेकडा १७ च्या जवळपास. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यांपैकी एकाने सुट्टी घेतली की खाडा पडतो आणि दोघांच्या मजुरीतून तो कापला जातो. पाळीच्या दिवसांत फडात आडोसा नाही, मुक्कामाच्या कोपीवर पाणी नाही, अंगावर पांढरे जाऊ लागले म्हणजे कर्करोगाची भीती घालणारे खासगी दवाखाने वाटेवर आहेत, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडावयाची आहे. ज्या स्त्रीने विशी-तिशीत गर्भाशय गमावले तिने तो निर्णय स्वतंत्रपणे घेतला असे म्हणण्यास माझी जीभ धजत नाही.

त्याच वर्षी जिल्हा प्रशासनाने असा दंडक घातला की खासगी दवाखान्यांनी ही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी. हा हुकूम योग्यच होता. त्याचा परिणाम किती झाला हे पाहावयाचे तर काय करावे? हुकुमाच्या आधीचा आणि नंतरचा आकडा मांडून चालणार नाही, याची कारणे तीन आहेत. एक असे की हुकूम निघाला तो ओरड शिगेला पोचल्यावर. ज्या वर्षी एखादी गोष्ट टोकाला जाते त्याच्या पुढल्या वर्षी ती काहीशी आपोआपच खाली येते, आणि बदनामीच्या भयाने दवाखाने हुकुमावाचूनही हात आखडतात. दुसरे असे की २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया सर्वत्रच थांबल्या; त्या वर्षाची घट हुकुमाच्या खात्यावर जमा करणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातले पीक आपल्या खळ्यात आणणे होय. म्हणून जालना, परभणी, धाराशिव अशा शेजारच्या जिल्ह्यांतून, जेथे टाळेबंदी तीच, तोडीला जाणे तेच, पण हा दंडक नव्हता, तेथील घट काढून ती बीडच्या घटीतून वजा केली पाहिजे. जे उरेल ते हुकुमाचे.

तिसरे कारण अधिक खोल आहे, आणि आजच्या व्याख्यानात मला मुख्यतः तेच सांगावयाचे आहे. लंडनची घरे जागच्या जागी होती. कर्नाटकातील गावे हद्दीच्या ज्या बाजूला होती त्याच बाजूला त्यांतली माणसे राहत होती. नैसर्गिक प्रयोगाची सारी इमारत या विश्वासावर उभी असते की माणूस ज्या बाजूला मोजला गेला त्याच बाजूला तो जगला. वडवणीचा माणूस तसा जगत नाही. दसरा-दिवाळी उलटली की वस्त्या रिकाम्या होतात आणि सांगली, सातारा, कोल्हापूर, अहिल्यानगर, थेट कर्नाटकपर्यंत टोळ्या पांगतात. पाच-सहा महिने या स्त्रियांचे पोट, पाळी, गर्भारपण, ताप आणि जखमा दुसऱ्या जिल्ह्याच्या हवाली असतात. बीडमध्ये परवानगी लागते म्हणून जी शस्त्रक्रिया बीडमध्ये झाली नाही ती कारखान्याच्या गावी झाली काय? झाली असेल तर बीडचा आकडा घटेल, तिकडचा वाढेल, आणि वरील वजाबाकी हुकुमाला पुरे श्रेय देऊन मोकळी होईल, जेव्हा प्रत्यक्षात एकही पिशवी वाचलेली नसेल.

ही अडचण शस्त्रक्रियेपुरतीच नाही. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म आणि मृत्यू ज्या ठिकाणी घडतो त्या ठिकाणी त्याची नोंद होते. म्हणजे कोपीत जन्मलेले आणि कोपीतच दगावलेले मूल वडवणीच्या वहीत कधी येतच नाही, त्याची नोंद झालीच तर कृष्णाकाठच्या एखाद्या ग्रामपंचायतीत होते. वडवणीच्या एखाद्या योजनेने बालमृत्यू घटला असे कोणी कागदावरून सिद्ध केले, तर ज्या महिन्यांत आमची मुले सर्वांत अधिक मरणाच्या जवळ असतात ते महिने त्या कागदात नाहीत, हे आपण त्याला सांगितले पाहिजे. भूमीवर आखलेली सरहद्द आमच्यासारख्या तालुक्याच्या बाबतीत अर्धीच साक्ष देते. साक्ष पुरी व्हावयाची तर तुलना जागेची न करता माणसांची करावी लागेल, आणि माणूस जेथे जाईल तेथे त्याची नोंद त्याच्यामागे जावी लागेल.

याला उपाय आहे आणि तो या तालुक्याच्याच व्यवहारात पडून आहे. एका वस्तीतल्या, एका जातीच्या, एकाच शाळेत गेलेल्या दोन बहिणींपैकी एक एका मुकादमाच्या टोळीतून एका कारखान्यावर जाते आणि दुसरी दुसऱ्या मुकादमाकडून दुसऱ्यावर. कोठे कोप्यांच्या तळावर पाण्याची टाकी आणि शौचालय आहे, कोठे नाही. कोठे हंगामात दवाखान्याची गाडी फिरते, कोठे फिरत नाही. आणि कोणता तळ मिळावा हे त्या स्त्रीने निवडलेले नसते, मुकादमाच्या करारनाम्याने ते ठरलेले असते. दक्षिण लंडनच्या नळांशी याचे साम्य जाणत्या श्रोत्यांच्या ध्यानात आले असेल. एखाद्या कारखान्याने ज्या वर्षी तळावर पाणी आणि शौचालये केली त्या वर्षी त्याच्याकडे गेलेल्या वडवणीच्या स्त्रिया आणि इतरत्र गेलेल्या वडवणीच्याच स्त्रिया, यांच्या अंगावरच्या दुखण्यांची, गर्भपातांची आणि पुढे होणाऱ्या शस्त्रक्रियांची तुलना करता आली, तर कारखान्यांवर काय बंधनकारक करावे याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज उरणार नाही.

हरकत येईल ती मला ठाऊक आहे. टोळ्या चिठ्ठ्या टाकून वाटल्या जात नाहीत. ज्याच्यावर उचलीचे ओझे अधिक तो दूरच्या आणि गैरसोयीच्या फडावर जातो, आणि ज्याचे घर बरे तो चांगला कारखाना पाहून मुकादम धरतो, असे झाले असेल तर दुखण्यातला फरक शौचालयाचा नसून गरिबीचा निघेल. म्हणून वहीत उचलीची रक्कम लिहिली पाहिजे, मागील दोन-तीन हंगामांत ते कुटुंब कोठे गेले होते ते लिहिले पाहिजे, आणि कर्नाटकच्या अभ्यासकांनी सधन घरांकडे पाहिले तसे आपणही एका अशा गोष्टीकडे पाहिले पाहिजे जिच्यावर शौचालयाचा परिणाम होणे शक्य नाही. कोयत्याच्या जखमा तशा आहेत. पाण्याच्या टाकीने कोयत्याची जखम टळत नाही. तरीही सोयीच्या तळावर जखमादेखील तितक्याच प्रमाणात कमी निघाल्या, तर तेथे गेलेली माणसेच निराळी होती असे समजावे आणि शौचालयाच्या नावाने निष्कर्ष काढण्याचे थांबावे.

अशी वही ठेवावयाची कोणी? आपल्या आशाताई आणि आरोग्यसेविका यांना प्रत्येक घर, प्रत्येक गर्भार बाई आणि प्रत्येक मुकादम माहीत असतो. पुण्या-मुंबईच्या कोणत्याही संशोधनसंस्थेजवळ हे ज्ञान नाही. टोळी निघण्यापूर्वी एक पान आणि परतल्यावर दुसरे, एवढेच काम आहे: वय, अपत्ये, आधीची शस्त्रक्रिया, टोळी, कारखाना, निघाल्याची तारीख, उचल, आणि परतल्यावर दुखणे, बाळंतपण, गर्भपात, शस्त्रक्रिया झाली असल्यास कोणत्या गावी. परंतु त्यांच्या डोक्यावर आधीच नोंदवह्यांचा ढीग आहे, आणि या कामाचा वेगळा मोबदला न देता ते लादले तर पाने भरली जातील, खरी राहणार नाहीत. शिवाय हा मजकूर स्त्रियांच्या शरीराविषयीचा आहे. तो मुकादमाच्या अथवा कारखान्याच्या हाती गेला तर आजारी म्हणून कोणाला टोळीत घ्यायचे नाही हे ठरविण्यासाठीच तो वापरला जाईल. नावे तालुक्याच्या आरोग्याधिकाऱ्याच्या कुलुपात राहावीत, अभ्यासकाला फक्त आकडे मिळावेत, आणि ज्या बाईला लिहून द्यावयाचे नसेल तिला तसे म्हणण्याचा अधिकार असावा, एवढी बंधने आरंभीच घातली पाहिजेत.

पंचायत समितीच्या सभासदांपैकी जे येथे उपस्थित आहेत त्यांना माझी विनंती आहे की या कामासाठी मोठ्या निधीची वाट पाहू नये. एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतील गावे घेऊन ते सुरू करता येईल. मात्र दसऱ्यापूर्वी सुरू झाले पाहिजे, कारण टोळ्या हलल्यावर उघडलेल्या वहीत निघतानाची स्थिती लिहिता येत नाही, आणि ती लिहिलेली नसेल तर परतल्यावरच्या पानाची तुलना कशाशीच होणार नाही.